फाटायचा ब्लाउज

टीव्हीवर एखादं जाडं माणूस आलं की आमच्या अक्का मशीनवरचा पाय उचलायच्या. एरवी त्यांचं मशीन कशानं थांबायचं नाही. समोरून वरात चालली तरी नाही, गिऱ्हाईक येऊन खाकरलं तरी नाही. पण पडद्यावर अंगानं भरलेली बाई किंवा गडी दिसला की खडखड बंद. कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा आणि मला हाक.

"अगं ये, बोल लवकर. खाईल, पडंल, का घोरंल?"

मी हातातल्या ब्लाउजला हूक लावता लावता म्हणायचे, "खाईल."

"मी म्हनते पडंल. खुर्ची बघ कसली बारीक ठिवलीय मुद्दाम."

आणि खुर्ची मोडायची, माणूस पडायचं, पाय वर. मागून भोंग्यासारखा बाजा वाजायचा. हरणारीनं उठून चहा सांगायचा असा आमचा नेम होता. संगमनेरला स्टँडच्या मागच्या गल्लीत अक्कांचं ब्लाउजचं दुकान, तिथं मी बारा वर्षं हातशिलाई केली. साडीला फॉल लावायचा, हूक-काजं करायची. त्या बारा वर्षांत चहा सांगायला बहुतेक वेळा मीच उठले. अक्का कधी चुकल्या असतील तर त्या एकदाच. एक जाडा पोलीस येऊन चोर पकडून गेला, खाल्लं नाही, पडला नाही. अक्का कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "ह्याला पुढच्या भागात घेनार न्हाईत बघ." आणि नाहीच घेतला.

अक्का स्वतः चांगल्या जाड होत्या. हे मी आडून लिहीत नाही, कारण आडून बोललेलं त्यांना खपायचं नाही. कुणी म्हणालं, "तुम्ही तब्येतीनं बऱ्या आहात," तर म्हणायच्या, "तब्येत माझी कशी हाय ते डॉक्टरला इचारा. मी जाडी हाय. जाडी म्हना, जीभ झडत न्हाई." लग्नाकार्यात गेल्या की मांडवात शिरतानाच मोठ्यानं सांगायच्या, "अहो, पलास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून आना माझ्यासाठी!" यजमान ओशाळायचे. अक्का नाही. त्या ऐसपैस बसायच्या आणि शेजारणीला म्हणायच्या, "आपनच आधी सांगितलं की लोकांना कुजबुजायला काय उरत न्हाई."

आणि चालायच्या मात्र इतक्या हलक्या, की पाठीमागं येऊन उभ्या राहिल्या तरी कळायचं नाही. मी कितीदा दचकून बोटात सुई घुसवून घेतली.

त्यांच्याकडं मापाची वही नव्हती. टेपही नव्हता. तुम्ही म्हणाल हे काय, ब्लाउजवालीकडं टेप नाही? नव्हता. वर्तमानपत्राची लांब पट्टी कापायची, ती बाईच्या अंगाभोवती धरायची आणि जिथं पट्टी टेकेल तिथं कात्रीनं चिमटीएवढी खाच द्यायची. छातीची एक खाच, कमरेची दोन, दंडाची तिरकी. पट्टीवर बाईचं नाव लिहायचं आणि ती खिळ्याला अडकवायची. भिंतीभर अशा पट्ट्या लोंबायच्या, पंखा लावला की सगळ्या सळसळायच्या. मी नवीन होते तेव्हा विचारलं, "अक्का, आकडा लिहिलात तर सोपं न्हाई का जाणार?"

"कुनाला सोपं?" त्या म्हणाल्या. "दुसरीकडं टेलर माप घेताना वरडतो, छाती अमुक, कंबर तमुक. बाहेर चार मानसं उभी. बाई तिथंच अर्धी होते. आकडा काय शिवायचाय का मला? मला कापड शिवायचंय."

म्हणून बायका लांबून यायच्या. अकोले तालुक्यातनं, राजूरकडनं, एसटी बदलून. बहुतेक भरलेल्या अंगाच्या. दुसरीकडं शिवलेले ब्लाउज काखेत उसवलेले, पाठीत ताणलेले पिशवीत घालून आणायच्या, एखाद्या गुन्ह्याचा पुरावा आणावा तसे. अक्का तो ब्लाउज हातात घेऊन आतली शिलाई बघायच्या आणि म्हणायच्या, "तुझं काय चुकलं न्हाई गं बाई. ह्यानं आत मायाच सोडली न्हाई." आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडायचं, त्याला आम्ही माया म्हणतो. तेवढं ऐकूनच काही बायकांचा चेहरा मोकळा व्हायचा. आणि अक्कांनी शिवलेलं कधी उसवलं नाही. चाळीस वर्षांत एकही ब्लाउज उसवून परत आला नाही, हे त्या देवासमोर दिवा लावल्यासारखं हळूच सांगायच्या.

टीव्हीचं वेड इतकं, पण सिनेमाला त्या जायच्या नाहीत. एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी कारण विचारलं. त्या बॉबिन भरत होत्या. भरता भरताच बोलल्या.

"लगीन झाल्यावर मालकांनी मला टॉकीजला नेलं हुतं. पयल्यांदाच. नवी साडी, डोक्यात गजरा. सिनेमात एक जाडी बाई हुती, ती दारात अडकली. पुढनं दोघं वढत्यात, मागनं दोघं ढकलत्यात. टॉकीज नुसतं हसून मरतंय. मी पन हसले, खोटं कशाला बोलू. आन् मग एकानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मग दुसऱ्यानं. मग अख्खी रांग. पडद्यावरची अडकली आन् बघत्यात मला."

"मालक काय म्हणाले?"

"काय म्हनत्यात. गरीब मानूस. त्यांनी माझ्या मांडीवर आपली टोपी ठिवली. का ठिवली देव जाने. दुसरं काय सुचलं नसंल."

आणि मग लगेच, मी डोळे पुसायच्या आत, "तेव्हाच मी म्हनलं, आपल्याला शनिशिंगणापूरला खोली बघा. तिथं घरांना दारंच न्हाईत, अडकायची भानगड न्हाई."

अशा होत्या. रडवायला लागल्या की हसवून मोकळ्या व्हायच्या.

पण त्यांची तक्रार खरी होती, आणि ती त्या शिवता शिवता टीव्हीलाच ऐकवायच्या. "का रे बाबांनो, जाड्या बाईला कदी ताप येत न्हाई का? तिच्या घरी कुनी मरत न्हाई का? ती कदी हिशेबानं बोलत न्हाई, कुनाला अक्कल शिकवत न्हाई. सारखी आपली भज्याच्या ताटापाशी उभी. आन् मी दुकानात शिरले की कुठं भोंगा वाजतो का? आँ? मला तर कदी ऐकू आला न्हाई."

अशा बाईकडं एक दिवस टीव्हीवालेच आले.

आमच्याकडं नदीच्या अंगाला एका बंगल्यात मालिकेचं शूटिंग सुरू झालं होतं. त्यांचा कपड्यांचं बघणारा माणूस, त्याला सगळे ड्रेसदादा म्हणायचे, तो एका नटीला घेऊन दुकानात आला. पोरगी काडीसारखी. आणि दादाच्या काखेत फोमचं एक गबदुल अंग, पट्ट्या लावलेलं, बिनमुंडक्याचं.

"मावशी, ही मालिकेतली जाडी वहिनी," तो म्हणाला. "म्हणजे हे घालून होणार. ह्याच्यावर चार ब्लाउज पाहिजेत."

अक्कांनी ते फोम कापायच्या टेबलावर आडवं टाकलं. दाबलं. उलटं केलं. मी खाली मान घालून हूक लावत होते, हसू आवरत.

"ह्याला काख कुठं हाय?" अक्कांनी विचारलं.

"अं?"

"काख. हात कुठनं फुटतो ह्याला? आन् पाठीला कना न्हाई. जाड्या मानसाला हाडं नसत्यात असं वाटतंय का तुमाला?"

दादा म्हणाला, "मावशी, टीव्हीवर काय कळतंय."

"मला कळतंय," अक्का म्हणाल्या, आणि कात्री घेऊन त्यांनी त्या फोमला दोन्हीकडून काखा काढल्या. दादा ओरडतोय, मुंबईहून आणलंय, मुंबईहून आणलंय, तोवर काम झालेलं.

मग त्यांनी नटीला ते घालायला लावलं आणि म्हणाल्या, "चाल." पोरगी दोन्ही हात पसरून, डावीकडं उजवीकडं झुलत चालली.

"बदक हाय का तू?"

मी फिस्सकन हसले. पोरगीही हसली. अक्का मशीनवरून उठल्या आणि दारापर्यंत जाऊन आल्या, ते त्यांचं हलकं चालणं. "मी अशी चालते. कशी?"

"मांजरीसारखं," पोरगी म्हणाली.

"आता खाली बसून ऊठ."

ती पोतं उचलल्यासारखी उठली. अक्का म्हणाल्या, "तसं न्हाई. जाडं मानूस उठायच्या आदी इचार करतं. हात कुठं टेकायचा, कुठल्या गुडघ्यावर भार द्यायचा. आन् हा इचार चालू हाय हे तोंडावर दिसू देत न्हाई. बोलत ऱ्हातं, हसत ऱ्हातं, आतून मात्र मोजत असतं. ते कर."

पोरगी पाच-सहा वेळा उठली-बसली. मग म्हणाली, "मावशी, मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मला फक्त ढोली दिस म्हणाले."

तीन ब्लाउज झाले. अंगासरशी बसले, बाहीला बारीक वेलबुट्टीची कड. दादा खूश. म्हणाला, मालिका वर्षभर चालेल, बायकांचं सगळं शिवण इथंच देतो. मला त्या कामाची फार गरज होती. त्या वर्षी माझ्या घरात कमावते हात दोनच होते आणि दोन्ही माझेच.

आणि मग चौथ्या ब्लाउजचं कापड घेऊन दादा आला.

"हा फाटायचा ब्लाउज," तो म्हणाला. "बारशाचा सीन आहे. घर पाहुण्यांनी भरलंय, वहिनी सासूच्या पाया पडायला वाकते आणि पाठीत टर्रकन! तेव्हा पाठीत मधोमध शिलाई घ्या आणि ती कच्ची ठेवा. नुसता धावदोरा घातला तरी चालेल."

अक्कांनी कापड उलगडून पोत बघितला. "बरं," म्हणाल्या. एवढंच.

दुपारी मी बघते तर अक्कांनी मशीनची सुई बदललेली. जाड सुई, पिशव्या शिवायची. दोराही पिशव्यांचाच. पाठीच्या शिलाईवर एक टीप घातली, तिच्या शेजारी दुसरी, मग आतून पट्टी लावून तिसरी. टाका इतका बारीक, की कापड ताणलं तरी शिलाईत फट दिसू नये.

"अक्का, हे काय करताय? त्यांना कच्ची पायजे."

"माझ्याकडनं कच्ची टीप पडत न्हाई."

"अहो, नाटकातलं ते! कुणाला कळणार हाय कुणी शिवलं?"

"अकोल्याच्या बायांना कळंल. राजूरच्या बायांना कळंल. समद्यांना म्हाईत झालंय, वहिनीचे ब्लाउज संगमनेरच्या अक्का शिवतात म्हनून. त्या बघतील घरात सासू-नंदांच्यात बसून. अक्काचं शिवलेलं बी फाटलं. मग उद्या त्या वाकताना इचार करतील. आज माझा ब्लाउज घालून वाकताना करत न्हाईत. एवढीच जागा हाय त्यांना, जिथं इचार करावा लागत न्हाई."

मला तेव्हा पटलं नाही. मी म्हणाले, "आणि आपलं वर्षाचं काम जातंय त्याचं काय?"

त्यांनी मशीन थांबवलं नाही. "जाईल," म्हणाल्या.

बारशाच्या सीनला आम्हाला दोघींना बघायला बोलावलं होतं. अक्का दोन खुर्च्या एकात एक घालून बसल्या, मी मागं उभी. पाळणा सजलेला, लुगड्या-शालूतल्या बायका, दिवे. नटी आली, सासूच्या पाया पडायला वाकली.

काही नाही.

"कट! अजून खाली वाक."

वाकली. काही नाही. ड्रेसदादा पुढं येऊन पाठ चाचपून गेला. परत. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. सासू झालेली बाई म्हणाली, "अगं, आता आशीर्वाद संपले माझ्याकडचे." सगळे हसले, डायरेक्टर सोडून. तो ओरडला, "जोर लाव ना! श्वास भर!" पोरगीनं श्वास भरला, खांदे ताणले, वाकली. आणि उठताना तिनं हात गुडघ्यावर टेकला, तोंडावर हसू ठेवून, अगदी अक्कांनी दाखवलं तसं. तो सीन तसाच घ्यायला हवा होता असं मला अजून वाटतं.

"सर, फाटतच नाही हो," ती म्हणाली.

ड्रेसदादानं आमच्याकडं बघितलं. अक्का त्याच्याकडं बघत होत्या, शांत. तो पोरगीला घेऊन आतल्या खोलीत गेला. बराच वेळ लागला. परत आले ते दादाच्या हातात ब्लेड होतं. पुन्हा वाकली आणि या खेपेला पाठ उघडी पडली. आतला अंगाच्या रंगाचा कपडा दिसला. लोक हसले. ते कामच होतं त्यांचं.

निघताना पोरगी धावत आली, "मावशी, सॉरी."

"तू कशाला सॉरी म्हनतीस," अक्का म्हणाल्या, "तू झ्याक वाकलीस."

काम गेलं. ड्रेसदादा परत दुकानाची पायरी चढला नाही. मी दोन दिवस अक्कांशी धड बोलले नाही. हूक लावायचे आणि निघून जायचे. त्या मात्र माझ्या डब्यात न विचारता भाजी वाढून ठेवायच्या.

तो भाग लागला तेव्हा दुकानात आम्ही दोघीच होतो. संध्याकाळी सातची मालिका. पाळणा दिसला, सासू दिसली. वहिनी चालत आली, अक्कांसारखी, हलकी. पण मागं भोंगा वाजायलाच लागला. वाकली. टर्रर्र असा मोठा आवाज घातला होता त्यांनी, पाळण्यातलं पोर दचकलं, कुणाच्या हातातला पेढा सासूच्या तोंडावर.

आणि मी हसले.

आता काय सांगू. सगळं माहीत होतं मला. ब्लेड डोळ्यांनी बघितलं होतं. तरी हसू आलं, मोठ्यानं आलं. मग तोंडावर हात गेला. अक्कांकडं बघायची हिंमत होईना. बारा वर्षं ह्या बाईशेजारी बसून मी काय शिकले म्हणायचं?

पण अक्का माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्या उठून टीव्हीपाशी गेल्या होत्या, चष्मा लावून, नाक काचेला लागेल इतक्या जवळ.

"परत लाव."

"टीव्ही हाय अक्का. परत कुठनं लावू?"

दुसऱ्या दिवशी तो तुकडा सगळ्यांच्या मोबाईलवर आलाच. मी माझ्या फोनवर लावला, बरोबर पाठ उघडते तिथं थांबवला. अक्कांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं.

"बघ," त्या म्हणाल्या. "शिलाई उसवली की दोरे लोंबत्यात. कापड वढलं जातं, कड वाकडी होते. ही कड बघ. सरळ. अगदी पट्टीनं आखल्यावानी. ब्लेडानं कापलंय."

"ते माहितीच होतं ना आपल्याला."

"पुढं बघ की. कापलंय कुठं?"

मी डोळे बारीक केले. चिरेच्या शेजारी, बोटभर अंतरावर, वरपासून खालपर्यंत पाठीची शिलाई उभी होती. तिन्ही टिपा. ड्रेसदादाला ती उसवता आली नव्हती. म्हणून आत इतका वेळ लागला. शेवटी त्यानं शेजारचं कापड कापलं होतं.

अक्का खुर्चीत टेकल्या आणि इतक्या हसल्या, की भिंतीवरच्या पट्ट्या हलल्या. मीही हसले. मग म्हणाले, "अक्का, काल मी..."

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "पानी दे."

अक्का जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की लोक खुर्च्यांचं सांगतात, माझ्या डोळ्यांपुढं त्याच आठवड्यातली एक दुपार येते. राजूरकडची एक बाई आली, अंगानं अक्कांहून काकणभर जास्तच. अक्कांचीच जुनी गिऱ्हाईक. पिशवीत नवं कापड होतं, पण ती पिशवी उघडेना. दारातच उभी.

"आत ये की," अक्का म्हणाल्या.

"आमच्या घरी समद्यांनी बघितलं," बाई म्हणाली. "जाऊबाई म्हनल्या, घाल अजून तुझ्या अक्काचा ब्लाउज. घरच्या ग्रुपवर बी टाकलंय त्यांनी. खाली हसायची तोंडं, हीऽ एवढी." तिनं पिशवी छातीशी धरली. "म्हनलं तुमालाच इचारावं. खरंच फाटलं का हो?"

अक्कांनी मला खूण केली. मी चित्र थांबवून फोन बाईच्या हातात दिला. अक्कांनी तिला कड दाखवली, मग तिन्ही टिपा. बाईनं फोन उन्हाकडं नेला, परत आत आणला, पुन्हा बघितलं. शिवणातलं तिला काही कळत नसेल, पण सरळ चीर आणि उभी शिलाई कुणालाही दिसते.

"ह्ये मला पाठवा," ती म्हणाली. "आन् त्याच्यावर लिहून द्या. मला लिहाय येत न्हाई."

"काय लिहू?" मी विचारलं.

अक्का मशीनला तेल घालत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. बाईनंच थोडा विचार केला.

"फाटलं न्हाई, कापलंय," ती म्हणाली. "आन् खाली माझं नाव घाला."

मी लिहिलं, नाव घातलं, तिच्या फोनवर पाठवलं. तिनं लगेच ग्रुपवर टाकलं. मग फोन पिशवीत ठेवला, कापड बाहेर काढून टेबलावर टाकलं आणि दोन्ही हात वर करून मधोमध उभी राहिली.

"घ्या आता माप."